जोड

सांगली जिल्ह्यातल्या एका जत्रेत त्याचे आजोबा कुस्त्यांचे पंच असायचे. दुपारी रेवड्यांवर पोरांच्या कुस्त्या सुरू व्हायच्या आणि दिवस कलला की इनामाच्या. जोड लावताना आजोबांना वजनकाटा लागत नसे. मान बघायची, दंड चाचपायचा, "कुठल्या तालमीचा रं?" एवढं विचारायचं आणि बोलता बोलता कानाकडे नजर टाकायची. कान मोडून फुगलेला असला, तर पोरगा कितीही भोळा चेहरा करून उभा राहो, त्याला लहान इनामाच्या कुस्तीत सोडायचं नाही.

नातू पुण्यात बाणेरला एका गेम स्टुडिओत बसतो आणि हेच काम करतो. तीन विरुद्ध तीन अशा मोबाइल गेममध्ये कोण कुणाच्या बाजूनं आणि कुणाच्या विरुद्ध उतरणार, हे त्याचा प्रोग्राम काही सेकंदांत ठरवतो. कामाचं नाव मॅचमेकिंग. त्यामुळे आईचे काही महिने तो विवाहमंडळात लागला आहे या समजुतीत गेले, आणि मग ही माणसं मुलांना स्थळं बघून देतात तर तुझंच का अडलंय, हा प्रश्न ओघानं आला.

या धंद्याचं गणित बुद्धिबळातून आलं. हंगेरीत जन्मलेले अर्पाद एलो अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवत. त्यांची मानांकन पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेनं १९६०मध्ये स्वीकारली आणि फिडेनं १९७०मध्ये. दोघांत २०० गुणांचा फरक असला तर वरच्यानं शंभर डावांत साधारण ७६ गुण मिळवावेत, ४०० असला तर ९१. पुढे मार्क ग्लिकमन यांनी त्यात एक शहाणपणाची भर घातली : आकड्याशेजारी त्या आकड्याबद्दलची शंकाही लिहून ठेवायची. वर्षभर न खेळलेल्याची शंका मोठी, रोज खेळणाऱ्याची लहान. पण बुद्धिबळात माणूस एकटा हरतो. संघ हरला तर कुणाच्या खात्यातून किती कापायचं, याचं पद्धतशीर उत्तर मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधकांनी एक्सबॉक्ससाठी केलेल्या ट्रूस्किलनं दिलं. तिथं प्रत्येक नवखा २५ गुणांवर सुरू होतो, शंका ८.३३. यादीत मात्र गुणांतून शंकेची तिप्पट वजा करून आकडा दाखवतात, म्हणजे नवख्यापुढे शून्य. आधी खेळून दाखव, मग बोलू.

नातवाची अडचण या पुस्तकी भागात कधीच नव्हती. ती एका तक्रारीतून पुढे आली. रात्री साडेदहाला कुणीतरी रोमन लिपीत मराठी लिहून पाठवलं होतं : 'परत माझ्या गळ्यात गाढव बांधलंत.' अशा तक्रारी रोज येतात आणि बहुतेकांना तेच ठरीव उत्तर जातं. त्या दिवशी त्यानं तो सामना उघडला.

एका बाजूला १९००, १४८० आणि १०२०. दुसऱ्या बाजूला १४७०, १४६० आणि १४७०. बेरीज दोन्हीकडे ४४००. गणिताच्या नजरेत याहून न्याय्य सामना शोधून सापडणार नाही. तक्रारदार होता १४८०वाला. १९०० आणि १०२० हे एकमेकांचे मित्र, एकाच पार्टीतून आलेले. रिप्लेमध्ये दिसलं ते असं : १०२०वाला पहिल्या मिनिटात तीनदा मेला. त्याच्या मदतीला १९००वाला धावायचा, दोघं मैदानाच्या एका कोपऱ्यात अडकायचे आणि उरलेल्या मैदानावर १४८०वाला एकटा तिघांसमोर. शेवटच्या वीस सेकंदांत तो हललाच नाही. त्यानं फोन गादीवर टाकला असणार.

आकड्यांचा तराजू दोन पारड्यांमध्ये तोल बघत होता आणि भांडण एका पारड्याच्या आत लागलं होतं. समोरचा भारी असला तर माणूस शिव्या देऊन पुन्हा खेळतो. आपल्याच बाजूचा हलका निघाला तर त्याला फसवलं गेल्यासारखं वाटतं. गल्ली क्रिकेटमध्ये हे पोरांना न शिकवता कळत असे. सारख्या ताकदीचे दोघं जोडीनं बाजूला जायचे, गुपचूप टोपणनावं ठरवून यायचे आणि कप्तान त्यातलं एक मागायचा. गडी वाटले जायचे ते जोडीजोडीनं, त्यामुळे बेरीज तर जुळायचीच, पण संघांची ठेवणही जुळायची. आणि कुणाचा धाकटा भाऊ सोबत आलाच, तर तो कच्चा लिंबू.

सहा जणांचे तीन-तीनचे संघ दहा प्रकारे पडतात. दोघं मित्र एकत्रच हवेत म्हटलं की चारच उरतात, आणि चारही करून बघितले तरी ते दोघं कुणाच्या तरी गळ्यात पडणारच. वाटणी ठीकच होती. चुकलं होतं ते सहा जण गोळा करणं. तेव्हापासून त्याचा प्रोग्राम बेरजेआधी संघाच्या आतलं अंतर मोजतो, आणि भारी-हलकी जोडी आली की समोरही तशीच जोडी शोधतो.

शोधतो, म्हणजे थांबवतो. थांबायला तर कुणी तयार नसतं. संध्याकाळी आठला खेळाडू इतके असतात की हवी तशी जोड मिळते. पहाटे तीनला मुंबईच्या सर्व्हरवर शुकशुकाट. मग सिंगापूरची माणसं घ्यावीत? फायबरमधून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई-सिंगापूर सरळ रेषेत चार हजारांच्या आसपास, म्हणजे जाऊन यायला किमान चाळीस मिलिसेकंद, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. नेम धरलेला माणूस तेवढ्यात भिंतीआड गेलेला असतो.

मोडक्या कानाचा प्रश्न वेगळाच. पट्टीचा खेळाडू नवं खातं काढून नवख्यांत घुसतो, त्याला स्मर्फ म्हणतात. १९९६च्या आसपास वॉरक्राफ्ट टूमधल्या काही नावाजलेल्या खेळाडूंनी ओळख लपवायला स्मर्फ कार्टूनमधली नावं घेतली, तेव्हापासूनचा हा शब्द. दर वेळी त्यात लबाडी असतेच असं नाही. २ सप्टेंबर २०२०ला पब्जी मोबाइलवर बंदी आली आणि सरावलेली लाखो बोटं बेघर झाली. ती दुसऱ्या गेममध्ये शिरली की तिथं त्यांची खाती कोरीच. नातवानं त्यांचे कान शोधले : पहिल्याच सामन्यात सेटिंग्जमध्ये जाऊन बटणांच्या जागा बदलणारा आणि जायरोस्कोप चालू करणारा माणूस नवखा नसतो.

मीटिंगमध्ये कुणीतरी दर वेळी विचारतं, हा सगळा खटाटोप हवाच कशाला, येतील तसे जोडून द्या. कॉल ऑफ ड्यूटीच्या निर्मात्यांनी २०२४मध्ये हा प्रयोग केल्याचं जाहीर केलं. काही खेळाडूंसाठी कौशल्याची अट सैल केली, तर वरचे दहा टक्के सोडून बाकीच्यांचं परत येणं घटलं. उलट टोकाला, खेळाडू टिकून राहावा म्हणून हरलेल्यासमोर मुद्दाम सोपा प्रतिस्पर्धी आणण्याची गणितंही कागदावर मांडलेली आहेत. नातवाला तो रस्ता पटत नाही. जत्रेत याला नुरा कुस्ती म्हणतात, आणि लोक खडे मारतात.

वरच्या दहा टक्क्यांचं दुखणं मात्र खरं आहे. जत्रेत ज्याच्या तोडीचा कुणी नसेल तो मल्ल हात वर करून मैदानाला फेरी मारायचा, जोड मागायचा. पहिल्या फेरीला टाळ्या पडत, तिसऱ्या फेरीला लोक शेंगा फोडायला लागत, आणि पंचांवर दबाव यायचा की कुणालाही घाला पण कुस्ती लावा. परवा रात्री दोन चाळीसला त्याच्या स्क्रीनवर एक खातं असंच फिरत होतं. मानांकन २३१०, थांबून १८४ सेकंद. चालणाऱ्या फरकाची खिडकी दर दहा सेकंदांनी रुंद होत होती. पन्नास गुण, शंभर, दोनशे. तीनशेला त्यानं कडी घातलेली आहे. रांगेत तेव्हा पाच जण होते, सगळ्यात वरचा १७४०.

१९७व्या सेकंदाला २३१०नं गेम बंद केला.