डोंगलचं सोंग

२० ऑगस्ट २०११, शनिवार. वसई गाव

रस्ता खणताना कुणीतरी केबल तोडली, त्याला आज नऊ दिवस झाले. फोन मुका, नेट बंद. दिवाळी अंकाची प्रुफं दादरला बुधवारपर्यंत पोचायला हवीत. शेवटी स्टेशनजवळच्या दुकानातून सिमकार्डासकट नेटचं डोंगल आणलं.

दुकानदार म्हणाला, "लावा आणि सुरू करा, मॅडम. विंडोज आहे ना?"

"नाही, उबुंटू."

"ते कुठल्या कंपनीचं?"

घरी येऊन लावलं. पडद्यावर सीडीचं चित्र आलं. मी सीडी लावलीच नव्हती.

२१ ऑगस्ट, रविवार

भाचा विरारहून आला. ट्रेनमध्ये म्हणे अण्णा हजारेंच्या उपोषणाशिवाय दुसरा विषय नाही. चहा होईपर्यंत त्याने काळ्या खिडकीत 'एलएसयूएसबी' टाइप केलं. संगणकाला यूएसबीतून काय काय जोडलंय, त्याची यादी आली. डोंगलपुढे आकडे होते १२डी१:१४४६.

"आत्या, हे मोडेम नाही. हे अजून सीडीच आहे."

मग त्याने उलगडून सांगितलं. विंडोजला लागणारा ड्रायव्हर कंपनी डोंगलच्या पोटातच भरून ठेवते. त्यामुळे डोंगल लावलं की ते आधी सीडी बनून समोर येतं. विंडोज त्यातून ड्रायव्हर उतरवून घेतं आणि मग तोच ड्रायव्हर डोंगलला सांगतो, बास, आता मोडेम हो. माझ्या संगणकावर ते सांगणारं कुणी नाही, म्हणून बसलंय सीडी होऊन. लहानपणी दारात बहुरूपी फौजदार होऊन यायचा, तो आठवला. आजीने हातावर पैसे ठेवेपर्यंत त्याच्या मिशीचा पीळ उतरत नसे.

सोंग उतरवणारा प्रोग्राम आहे, यूएसबी-मोडस्विच. जोसुआ डीत्स नावाच्या गृहस्थाने लिहून फुकट देऊन टाकलेला. फक्त तो नेटवरून घ्यावा लागतो. म्हणजे नेट लावायला नेट हवं. भाचा पेनड्राइव्ह खिशात टाकून गेला.

२२ ऑगस्ट, सोमवार

भाच्याने सायबर कॅफेतून मोडस्विचच्या दोन फायली आणल्या. एक प्रोग्राम, दुसरी त्याची माहितीची वही: कोणतं डोंगल कोणत्या शब्दांनी ऐकतं. पहिलीला दुसरी लागतेच. एकच आणली असती तर परत फेरी. पेनड्राइव्हवर कॅफेतले दोन व्हायरसही आले होते. ते विंडोजचे, आमच्या घरी त्यांना कुणी विचारलं नाही.

दोन्ही बसवून डोंगल काढून पुन्हा लावलं. यादीत १४४६ च्या जागी १००१. सोंग उतरलं.

नेमकं सांगितलं काय डोंगलला? मी हट्टच धरला. ३१ बाइटांचा निरोप असतो. तो ५५ ५३ ४२ ४३ असा सुरू होतो. अक्षरांत वाचलं तर यू, एस, बी, सी. प्रुफं वाचणाऱ्या बाईला आकड्यांत अक्षरं सापडली की बरं वाटतं.

पुढचं काम डब्ल्यूव्हीडायल नावाच्या प्रोग्रामचं. तोही त्याने पेनड्राइव्हवरच आणला होता. उबुंटूत खिडक्या दाबून जोडणी करायची सोय आहे, पण भाच्याला ती आवडत नाही. "यात मोडेमशी चाललेलं बोलणं दिसतं. अडलं तर कुठे अडलं ते कळतं." नंबर *९९#. नाव आणि पासवर्ड काहीही चालतो, रिकामा मात्र चालत नाही. त्याखाली एक ओळ होती, 'स्टुपिड मोड = १'. मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. म्हणजे फोन लागल्यावर समोरचा काय म्हणतोय याचा विचार करत बसायचं नाही, थेट कामाला लागायचं. मराठीत काय करावं? 'मठ्ठपणा = १'. राहू दे.

जोडणी लागली. दिवा हिरवा. हिरवा म्हणजे टूजी. दादरच्या पत्रांची नुसती यादी उघडायला सहा मिनिटं.

२४ ऑगस्ट, बुधवार

आमच्या जुन्या घराच्या भिंती हातभर जाड, त्यात बाहेर नारळ आणि पाऊस. थ्रीजी आत येईना. भाच्याने मोबाइलवर सांगितलं, "संगणक हलवू नकोस, डोंगल हलव." दीड मीटरची यूएसबी वायर आणली, ऐंशी रुपये. तरी वायर पुरेना, म्हणून टेबल जिन्याजवळ ओढलं, डोंगल वरच्या खिडकीच्या गजाला बांधलं, वर दुधाची पिशवी.

दिवा निळा झाला.

रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी सत्तेचाळीस पानं गेली. लगेच संपादकांचं उत्तर आलं: पान १२ वर 'सोंग'चं 'सोग' तसंच राहिलंय.