‘नेहमीप्रमाणे’

स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी आपल्या कामाविषयी लिहावे, असे शाळेचे पत्र आले, तेव्हा मी चार ओळींचा एक मजकूर सातव्यांदा खोडत बसलो होतो. तो मजकूर माणसांसाठी नव्हता, यंत्रासाठी होता. अशा मजकुराचे लेखन हा आता माझ्या चरितार्थाचा भाग आहे. गावी कोणी विचारले, तर मी ‘कॉम्प्युटरचे काम करतो’ एवढेच सांगून विषय संपवतो. येथे मात्र थोडे सविस्तर सांगतो, कारण त्याचा पहिला धडा मला आपल्या वसतिगृहाच्या कोठीत मिळाला.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ज्या प्रणालींना एजंट म्हणतात, त्या केवळ प्रश्नांची उत्तरे देत नाहीत, तर सोपवलेली कामेही पार पाडतात. त्यासाठी त्यांच्यापुढे काही साधने ठेवावी लागतात. आम्ही त्यांना ‘टूल’च म्हणतो. एक टूल वेळापत्रक दाखवते, दुसरे नोंद करते, तिसरे नोंद काढून टाकते. 2023 च्या जूनमध्ये ओपनएआयने आपल्या मॉडेलांना अशी सोय दिली. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये अँथ्रॉपिकने साधने जोडण्याची मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल ही खुली पद्धत जाहीर केली. टूलच्या पोटात काय चालते, हे एजंटाला सहसा दिसत नाही. त्याला दिसते ते टूलचे नाव, त्याला कोणती माहिती पुरवायची याची यादी आणि काही ओळींचे वर्णन. त्या वर्णनावर विसंबूनच तो कोणते साधन उचलायचे ते ठरवतो.

रुग्णांच्या भेटीच्या वेळा ठरवणाऱ्या एका एजंटासाठी मी अशी वर्णने लिहिली होती. एक टूल वेळ बदलण्याचे होते, दुसरे वेळ रद्द करण्याचे. दुसऱ्याच्या वर्णनात मी लिहिले होते, ‘दिलेली वेळ मोकळी करते.’ मला अर्थ ठाऊक होता, कारण कोड मीच लिहिला होता. एका वृद्ध बाईंच्या मुलाने फोनवरून संदेश पाठवला, ‘मंगळवारऐवजी बुधवारी जमेल का?’ एजंटाने आधी मंगळवारची वेळ ‘मोकळी’ केली आणि मग बुधवार पाहिला. बुधवारी जागा नव्हती, हे त्याने कळवले. मंगळवारची वेळ गेली, हे मात्र कळवले नाही. दरम्यान ती दुसऱ्या कोणाला मिळाली. मायलेक मंगळवारी पहाटेच्या एस.टी.ने आले, तर यादीत नावच नव्हते. डॉक्टरांनी सायंकाळी तपासले खरे, पण परतीची शेवटची गाडी गेली होती. त्या बाईंनी रात्र स्थानकाच्या बाकावर काढली.

दुसऱ्या दिवशी मी एजंटाच्या कामाची संपूर्ण नोंद वाचली. त्याची चूक सापडावी, अशी माझी मनोमन इच्छा होती. ती सापडली नाही. जे वाचले, त्याप्रमाणेच तो वागला होता.

त्या रात्री मला कोठी आठवली. मी आठवीत असताना धान्य मोजून देण्याची पाळी माझ्याकडे होती. एकदा मला गावी जावे लागले आणि त्याच आठवड्यात स्वयंपाकी मामाही आजारी पडले. बदली स्वयंपाक्यासाठी मी चिठ्ठी ठेवली होती, ‘डाळ नेहमीप्रमाणे आठ मापे.’ कोठीत मापे दोन होती, एक पितळी आणि एक पत्र्याचे. आम्ही नेहमी पत्र्याचे लहान माप घेत असू. नव्या माणसाने पितळी घेतले. महिनाअखेरीचे चार दिवस आम्ही सर्वांनी पिठल्यावर काढले.

गृहपाल सर रागावले नाहीत. त्यांनी चिठ्ठी पुन्हा लिहायला लावली आणि पाचवीत नुकत्याच दाखल झालेल्या, कोठी कधीही न पाहिलेल्या एका मुलाच्या हाती दिली. ‘हा काय करतो ते बघ. तू बोलायचे नाही,’ एवढेच ते म्हणाले. तो मुलगा दारातच थांबला, कारण किल्ली कोठे असते, हे मी लिहिलेच नव्हते.

एजंट हा रोज नव्याने आलेला बदली स्वयंपाकी असतो. आपण वेगळी सोय केली नाही, तर कालचे त्याला काही आठवत नाही.

बसस्थानकाच्या त्या प्रसंगानंतर मी प्रथम उलटीच चूक केली. प्रत्येक टूलला पानभर वर्णन जोडले. टूल्स तीसेक होती. ती सारी पाने एजंटाला दर वेळी वाचावी लागत आणि महत्त्वाचे वाक्य गर्दीत हरवे. मग छाटणी सुरू केली. एकमेकांसारखी दिसणारी टूल्स एकत्र केली. 03/04 म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हा घोळ टाळण्यासाठी तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच द्यावी, असे उदाहरणासह लिहिले. टूल केव्हा वापरू नये, हेही लिहू लागलो. ते बहुतेक लोक विसरतात. ‘चूक झाली’ या निरुपयोगी संदेशाऐवजी ‘ही तारीख उलटून गेली आहे, आजची किंवा पुढची तारीख द्या’ असे टूल सांगू लागले, तेव्हा एजंट आपली चूक बहुधा आपणच सुधारू लागला.

‘मोकळी करते’च्या जागी आता असे आहे: ‘रुग्णाची वेळ कायमची रद्द करते. ती परत मिळेलच असे नाही. रुग्णाने रद्द करण्यास स्पष्ट सांगितले असेल, तरच वापरावे. वेळ बदलायची असल्यास बदलण्याचे टूल वापरावे. नवी वेळ पक्की होईपर्यंत ते जुनी सोडत नाही.’

हा मजकूर मी आमच्या लेखा विभागातील एका बाईंना वाचायला दिला. आमच्या कोडशी त्यांचा काही संबंध नाही. मी गप्प बसलो. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारले, ‘रद्द झाल्याचे रुग्णाला कोण कळवतं?’

उत्तर वर्णनात नव्हते. कोडमध्येही नव्हते. म्हणून तर सातव्यांदा खोडत होतो.