राखेचा डोंगर : रिंजानी

सिंगापूरकरांना डोंगर म्हटला की बुकित तिमा आठवतो. उंची १६४ मीटर! एवढ्याशा सरावावर आम्ही चौघांनी, म्हणजे दोन मित्र, एक वहिनी आणि मी, २०२५ च्या मे महिन्यात इंडोनेशियातल्या लोम्बोक बेटावरचा रिंजानी चढायचे ठरवले. उंची ३७२६ मीटर, आपल्या कळसूबाईच्या दुपटीहूनही जास्त. अमेरिकेत आणि जपानमध्ये याच दिवसांत हौशी मंडळी बर्फाळ ज्वालामुखींवर स्की घेऊन चढतात आणि मजेत घसरत खाली येतात. आमचा ज्वालामुखी विषुववृत्ताजवळचा. तिथे बर्फ कुठला, राखच!

वेसाक डे सोमवारी आला होता, तेव्हा शुक्रवारची एकच रजा पुरली. थेट विमानाने सुमारे तीन तास, आणि घड्याळसुद्धा बदलावे लागत नाही. वेसाक म्हणजे आपली वैशाखी पौर्णिमा, त्यामुळे रात्रीच्या चढाईला चांदणे फुकट. दोन महिने आम्ही पाठीवर तांदळाच्या पिशव्या घेऊन ब्लॉकचे जिने चढत होतो. "लिफ्ट बिघडली का?" असे शेजारच्या आजी रोज काळजीने विचारायच्या.

निघण्याआधी चहा पिताना दोन नियम ठरवले. सकाळी सात वाजता जिथे असू तिथून परत फिरायचे, आणि कोणीही एकट्याने मागे राहायचे नाही. त्यासाठी दोन-दोनच्या जोड्या केल्या आणि गाईडही दोन घेतले.

सेंबालुन गावातून वाट निघते. आधी गवताळ माळ, मग लागोपाठ टेकड्या. त्यांना तिथले लोक 'पश्चात्तापाच्या सात टेकड्या' म्हणतात. नाव कोणी ठेवले असेल त्याला नमस्कार! आमच्या शेजारून हमाल बांबूच्या कावडीला तंबू, पाणी, भांडी टांगून साध्या चपलांत झपझप पुढे जात होते. आमच्या महागड्या बुटांची आम्हालाच लाज वाटली.

संध्याकाळी सुमारे २६०० मीटरवर ज्वालामुखीच्या कड्यावर पोचलो आणि सगळा शीण गेला. खाली प्रचंड खळगा, त्यात निळे सरोवर आणि सरोवरात उगवलेला बारुजारी नावाचा छोटा ज्वालामुखी. तो २०१६ मध्येही धुमसला होता. सरोवराचे नाव सेगारा अनाक. सेगारा म्हणजे आपला सागरच, आणि अनाक म्हणजे मूल. रिंजानीला लागून पूर्वी समालास नावाचा डोंगर होता. १२५७ साली त्याचा असा स्फोट झाला की माथाच नाहीसा झाला आणि हा खळगा उरला. त्या स्फोटाच्या खुणा दोन्ही ध्रुवांकडच्या बर्फात सापडत होत्या, पण तो समालासचा हे २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पामातान नावाचे नगर गाडले गेल्याची हकिगत मात्र लोम्बोकच्या ताडपत्रांवरच्या बखरीत होतीच. आपल्याकडे तेव्हा देवगिरीला यादव होते. ज्ञानेश्वरी त्यानंतर ३३ वर्षांनी लिहिली गेली.

धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन लवकर आडवे झालो. रात्री दोनला उठून चढाई सुरू. शिखर अजून जवळजवळ ११०० मीटर वर, म्हणजे साडेसहा बुकित तिमा एकावर एक! शेवटचा उतार सुट्या राखेचा आणि खड्यांचा. वाळूचा ढीग जास्तीत जास्त जेवढा तिरका उभा राहू शकतो, जवळपास तेवढाच तिरका. म्हणून दोन पावले पुढे टाकली की एक मागे घसरते. वारा तर बोचरा.

सुमारे ३४०० मीटरवर माझ्या जोडीदाराचे डोके ठणकू लागले, मळमळू लागले. उंचीचा त्रास. "तू जा रे, मी इथेच बसतो," तो म्हणाला. शिखर समोर दिसत होते. मोह झाला, खोटे कशाला बोलू? पण थंडीत त्याला एकटे बसवणे हेच तर आम्ही चहावर नाकारले होते. एका गाईडबरोबर आम्ही दोघे उतरू लागलो. खाली यायला लागल्यावर तासाभरात त्याला बरे वाटले. टाच रोवून राखेतून सरसर घसरत आलो, ते आमचे स्कीइंग! सूर्य उगवला तेव्हा समुद्रापलीकडे बालीचा अगुंग गुलाबी झाला होता. वहिनी आणि दुसरा मित्र शिखरावर पोचले. त्यांना पूर्वेला सुंबावा बेटावरचा तांबोराही दिसला. १८१५ साली उद्रेक होऊन ज्याने पुढच्या वर्षीचा युरोपातला उन्हाळा हिरावला, तोच हा.

आम्ही परतल्यावर दीडेक महिन्याने, जून २०२५ मध्ये, याच शिखराच्या वाटेवरून एक ब्राझिलियन तरुणी दरीत कोसळली. शोधपथकाला तिच्यापर्यंत पोचायला काही दिवस लागले, ती वाचली नाही. बातमी वाचून त्या रात्री मित्राचा फोन आला. दोघेही फारसे बोललो नाही.

जायचे असेल तर एप्रिलनंतर जा. साधारण जानेवारी ते मार्च पावसामुळे वाट बंद असते. डोक्याला लावायची बॅटरी, हातमोजे, वाऱ्याचे जाकीट आणि बुटात राख जाऊ नये म्हणून गेटर्स न्या. स्वस्तातले पॅकेज बघू नका, त्याची किंमत हमालाच्या खांद्यावरून वसूल होते. आणि जोड्या मात्र घरीच ठरवा. वर गेल्यावर शिखर फार जवळ दिसते.