कालनिर्णयवरच्या रेघा

मालवण, गुरुवार, २ जानेवारी २०२५

नाताळ सरला, पाव्हणे गेले, नात तेवढी उरली आहे. रविवारी तीही जाईल. आज सकाळपासून तिचं ‘ओ माय गॉड’ चाललंय. नेवरीचं सारण गरम लागलं, ओ माय गॉड. मांजर पत्र्यावर चढलं, ओ माय गॉड. फोनची रेंज गेली तेव्हा तर दोनदा. दुपारी राहवलं नाही. म्हटलं, "बाय, देवाक अशी उगाच हाक मारू नये. तो येता आणि काम काय ता इचारता."

तासाभरात तिनं ‘ओ माय गॉश’ सुरू केलं. इंग्रजीत म्हणे देवाचं नाव टाळायला असे जोडशब्द असतात, गॉडला गॉश, जीझसला जी. आपण मराठीत शिव्या छाटतो, आयला, च्यायला. देवाचं नाव छाटलेलं मात्र माझ्या ऐकण्यात नाही.

रात्री तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपल्यावर पोरगी म्हणते, "आजी, तूपण दिवसभर जेजू जेजू करतेस." मी? करते? उद्या ती पेन्सिल घेऊन मागं फिरणार आहे. माझ्या दर हाकेला कालनिर्णयवर एक रेघ. ते सुरू करणारे जयंतराव साळगावकर आमच्या मालवणचेच. १९७३ पासून एकादशी, ईद आणि आमचे सण त्या एका कागदावर नांदतात. आता माझी पापंही नांदतील.

शुक्रवार, ३ जानेवारी

महिन्याचा पहिला शुक्रवार आणि येशूच्या पवित्र नावाचा सण, दोन्ही एकाच दिवशी आले. हा सण मधे मिस्सेच्या पुस्तकातून गळाला होता, २००२ साली परत आला. फादरनी प्रवचनात सांगितलं की ते नाव कानावर पडताच मान लववावी असं ल्योंच्या धर्मसभेनं १२७४ साली ठरवलं. ते बोलत असताना समोरच्या बाकांकडे पाहिलं. म्हाताऱ्यांच्या माना लवत होत्या, आमच्या वयाच्यांतल्या निम्म्या, पुढच्या पिढीच्या ताठ.

आईला ना ल्यों ठाऊक ना १२७४. पण ती आडाळ्यावर नारळ खवायला बसली आणि पातं बोटाला लागलं की "जेजू!" म्हणायची आणि त्या क्षणी तिची मान खाली जायची. बोट तोंडात, रक्त चोखतेय, खोबऱ्याच्या किसावर एक लाल थेंब, आणि मान लवलेली. मग तेवढाच किस चिमटीनं उचलून कोंबडीला टाकायची. कळवळणं आणि नमस्कार तिच्या अंगात एकाच शिरेवर होते. दोतोर्नीत, धर्मशिक्षणाच्या वर्गात, ‘देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको’ ही दुसरी आज्ञा घोकून घेणारी हीच बाई. तिनं ती मोडली म्हणायची का?

येताना मासळीबाजार. शुक्रवार म्हणजे मटण वर्ज्य, मासळी चालते, आणि हा नियम मालवणात पाळायला कसली आलीय तपश्चर्या. कोळीण म्हणाली, "देवाच्यान सांगतंय गो बाय, आजच्या होडयेचीच सुरमय." कल्ले उघडून पाहिले तर तपकिरी. ती ओशाळली नाही, मीही रागावले नाही. भाव शंभरानं उतरला. माझ्या मते आज्ञा मोडते ती इथं. ‘देवाच्यान’ म्हणजे देवाला साक्षीला उभा करायचा आणि त्याच्या तोंडून शिळी सुरमई विकायची. येशूनं तर शपथच वाहू नका म्हटलंय, हो ते हो आणि नाही ते नाही. त्यानं हे सांगितलं ते कोळ्यांच्याच गावांत हिंडताना, याचा मी वाटेत विचार करत आले.

रेघा : १९. त्यांतल्या ३ सोलकढी सांडली तेव्हाच्या. एक ‘सायबा भोगोस’, विजेचं बिल पाहून. हिला रेघ नको, ही क्षमायाचना आहे, असं मी म्हटलं. नात म्हणाली, बिलाबद्दल कसली क्षमा?

शनिवार, ४ जानेवारी

वेंगुर्ल्याच्या मैत्रिणीचा फोन. तिची आई तिथल्या सेंट ल्यूक्समध्ये, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या दवाखान्यात, नर्स होती. रेघांची गंमत सांगितली तर म्हणाली, "तिसरी आज्ञा." मी म्हटलं, दुसरी. चाळीस वर्षांची मैत्री, हा घोळ आज कळला. मूर्ती करू नको ही त्यांच्याकडे, प्रोटेस्टंटांत, स्वतंत्र आज्ञा, आम्हा कॅथलिकांकडे ती पहिलीच्या पोटात जाते. मग दहा भरायला आम्ही शेवटी परक्याची बायको आणि परक्याची मालमत्ता यांचा लोभ वेगवेगळा मोजतो. "म्हणजे पाप तेच, नंबर दुसरो," ती म्हणाली.

नाव घेण्यावरून आठवलं, रोमहून २००८ साली बिशपांना एक पत्र गेलं होतं. हिब्रू बायबलातलं देवाचं चार अक्षरी नाव मिस्सेत आणि गाण्यांत उच्चारू नये. यहुदी ते उच्चारत नाहीत, त्या जागी ‘प्रभू’ वाचतात. आम्हा बायकांना यात नवल काय? आजीनं जन्मात आजोबांचं नाव घेतलं नाही. ‘अहो’ नाहीतर ‘ते’. सरकारी कागदावर नाव विचारलं की मला पुढं ढकलायची.

संध्याकाळी शेजारची काकी आली. रामेश्वराची भक्त. रेघा पाहून हसायलाच लागली. "नाव घेवन झिजता काय?" आणि अजामिळाची गोष्ट सांगितली. जन्मभर पापं केली, मरताना धाकट्या पोराला ‘नारायणा’ म्हणून हाक मारली, तर विष्णुदूत धावले. आमच्या दोतोर्नीत अजामिळ नापास झाला असता, मी म्हटलं. "म्हणान तर बरा, तो आमच्यात होतो," काकी म्हणाली.

ती गेल्यावर मात्र डोक्यातून जाईना. तीस वर्षं मुलांना विभक्ती शिकवल्या, तेव्हा कसं सुचलं नाही? देव, देवा. सायब, सायबा. नारायण, नारायणा. आपल्या तोंडून आपसूक निघतं ते संबोधन असतं, आठवी विभक्ती, आणि संबोधन समोर कुणी असल्याशिवाय होत नाही. काकीचं गाऱ्हाणंही ‘बा देवा म्हाराजा’नं सुरू होतं आणि दर ओळीला माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, जसं आम्ही लादाईनीच्या प्रार्थनेत एकेका नावाला ‘ओरा प्रो नोबिस’, आमच्यासाठी विनंती कर, म्हणतो. नातीच्या ‘ओ माय गॉड’मध्येही ‘ओ’ आहे, हे खरं. पण ते म्हणताना ती फोनकडे पाहत असते.

रेघा : ११. सुधारणा नाही. दुपारी झोपले होते.

रविवार, ५ जानेवारी

तीन राजांचा सण. मिस्सा आटोपून नातीला कुडाळ स्टेशनवर सोडायला रिक्षा केली. आंब्याला मोहर आलाय, वर ढग. रिक्षावाला वाटभर मोहराची काळजी करत होता. धामापूरच्या पुढं वळणावर एक म्हैस अशी काही आडवी आली की त्यानं ब्रेकवर उभं राहूनच रिक्षा थांबवली. "रे म्हाराजा!" तो ओरडला. "जेजू!" मी. आणि नातीनं माझ्या दंडात नखं रुतवली, "आजी!"

म्हैस आमच्याकडे बघून सावकाश गेली. कुडाळपर्यंत कुणी फारसं बोललं नाही. गाडी वीस मिनिटं लेट होती.

घरी येऊन पेन्सिल घेतली. माझी एक रेघ ओढली. रिक्षावाल्याची कुठं ओढायची?