शेऱ्याच्या रकान्यातील लाल शब्द



शाळेच्या कार्यालयात प्रत्येक वर्गाची एक्सेलमध्ये एक फाईल असते. नाव, जन्मतारीख, हजेरी, गुण असे रकाने आणि सर्वांत शेवटी 'शेरा'. गुणांचा रकाना सगळे वाचतात. शेऱ्याचा रकाना मात्र तो भरणाऱ्याखेरीज सहसा कोणी वाचत नाही. मूल वरच्या वर्गात गेले की शेराही त्याच्याबरोबर जातो आणि त्याच चौकटीत नवा मजकूर जोडला जातो. आठवीपर्यंत एकेक चौकट पोस्टकार्डाएवढी होते.

अशा एका चौकटीत ओळीने लिहिले होते : अक्षर सुंदर, वक्तृत्वात भाग घेतला, वडील लूमवर रात्रपाळीला, फीट येते, वह्या वेळेवर देते. खेळाच्या तासाला बदली शिक्षक मैदानावर गेले, तर त्यांना यातले 'फीट येते' कसे दिसणार? एक्सेलमध्ये कंडिशनल फॉरमॅटिंग नावाची सोय आहे, पण ती अख्खी चौकट रंगवते, चौकटीतला एखादा शब्द नव्हे. शब्द माऊसने निवडून हाताने लाल करता येतो. शेकडो चौकटींत ते कोण करणार? तिथे मॅक्रो लागतो.

मॅक्रो म्हणजे एक्सेलला लिहून दिलेली कामाची चिठ्ठी. १९९३ च्या पाचव्या आवृत्तीपासून ती व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिता येते. आपली चिठ्ठी एवढीच : चौकटीत दिलेला शब्द कितव्या अक्षरापासून सुरू होतो ते शोध, तिथपासून शब्द संपेपर्यंत लाल कर, ठळक कर, खाली रेघ मार, आणि पुढच्या चौकटीकडे जा. ठळक आणि रेघ यासाठी, की झेरॉक्स काढल्यावर लाल रंग काळाच होतो. चौकटीतला मजकूर सूत्राने जोडून आलेला असेल, तर त्यातला एकच शब्द रंगवता येत नाही. आधी सूत्र काढून नुसता मजकूर ठेवावा लागतो. शिवाय मॅक्रोने केलेले काम 'अनडू'ने मागे फिरत नाही, म्हणून नेहमी फाईलच्या प्रतीवरच चालवायचा.

खरी मजा पुढे आहे, आणि ती विद्यार्थ्यांसाठी आहे. संगणकाला 'ताप' शोधायला सांगितले तर तो 'प्रताप'मधला ताप लाल करतो, 'संताप'मधलाही करतो. 'मार' सांगितले तर वर्गातले सगळे 'कुमार' अर्धे लाल! उपाय म्हणून शब्दाच्या आधी मोकळी जागा किंवा स्वल्पविराम आहे का, हे तपासायला सांगायचे. प्रताप आणि कुमार सुटतात. 'तापी किनारी राहतो' यातली आपली तापी मात्र सापडतेच. तिच्यासाठी अपवादांची वेगळी यादी आहे.

शब्दानंतरही मोकळी जागा हवी, असे का सांगू नये? माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत 'बुखार से' लिहितात, 'से' वेगळा राहतो आणि 'बुखार' जसाच्या तसा सापडतो. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो : तापाने, तापामुळे, तापात. 'चष्मा' तर 'चष्म्या'च होऊन बसतो. व्याकरणाच्या तासाला सामान्यरूप कशाला शिकायचे असे विचारणाऱ्यांनी एकदा हा मॅक्रो लिहून पाहावा. म्हणून उजवी बाजू मोकळी सोडली आहे आणि रंग पुढच्या मोकळ्या जागेपर्यंत नेला आहे. नाहीतर 'गावाला'मधले 'गाव' लाल आणि त्याला लागलेला काना काळा, असा विचित्र प्रकार होतो. 'चष्मा' आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो. संगणक च, ष, हलन्ताचे चिन्ह, म आणि काना अशी पाच मोजतो. म्हणून लांबी बोटांवर न मोजता त्यालाच विचारायची.

मॅक्रो लिहिण्याच्या खिडकीत देवनागरी टंकली की बहुतेक प्रश्नचिन्हेच उमटतात. त्यामुळे शोधायचे शब्द मॅक्रोत न ठेवता फाईलच्या दुसऱ्या पानावर ठेवले. याचा एक परिणाम झाला. ती यादी शिक्षक कक्षात सगळ्यांच्या हाती आली आणि कोणते शब्द लाल व्हावेत यावर चांगलाच वाद झाला.

पहिली सूचना आली 'फी बाकी'. मी ती मान्य केली नाही. पालकसभेत वर्गशिक्षकांच्या टेबलावर हीच प्रत असते. शेजारी दुसरे पालक बसलेले असतात. विश्वस्त मंडळाला फीचा हिशेब वेगळ्या फाईलमधून मिळतो, तसाच मिळेल. 'खोडकर'ही नाकारला. फीट, दमा, चष्मा, ऐकू, मार हे शब्द घेतले. आणि 'गाव'.

आपली बहुतेक कुटुंबे धुळे, नंदुरबार, जळगावकडची. लिंबायत, उधना, डिंडोलीतून दिवाळीला, होळीला, आखाजीला सुरत-भुसावळ गाडीने गावी जाणे आलेच. कुणी शिक्षक 'गावी' लिहितात, कुणी 'गावाकडे', तर कुणी अहिराणीच्या सवयीने 'गावले'. गावित आणि गावंडे अपवादांच्या यादीत टाकले. मॅक्रो चालवल्यावर काही चौकटींत हा शब्द तीन-चार वेळा लाल झाला. सहावीत एकदा, सातवीत दोनदा, आठवीत पुन्हा. तिघा वर्गशिक्षकांनी आपापल्या वर्षी लिहिलेले होते. एकत्र कोणी पाहिले नव्हते. दिवाळीनंतर मूल उशिरा येते, हे आपण जाणतो. आखाजीला गेलेली आठवीची मुलगी जूनमध्ये येईलच असे नाही.

म्हणून मी 'लग्न' हा शब्द घालायला सांगितले. एका शिक्षिकेचे म्हणणे होते की वैशाखात निम्म्या शाळेला मामाचे नाहीतर मावशीचे लग्न असते, सगळेच लाल होईल. खरे आहे, तसेच झाले. पण ज्या चौकटींत 'गाव' आणि 'लग्न' दोन्ही लाल, त्या घरी उन्हाळी सुट्टीआधी फोन करायचा असे ठरले. बहुतेक ठिकाणी खरोखरच मामाचे लग्न निघाले. एका घरी मी आणि दोन शिक्षिका जाऊन आलो. मुलीचे वय १८ च्या कितीतरी अलीकडे होते. २००६ चा कायदा सांगितला, पण त्याहून जास्त बोलणे शाळेच्या वेळेबद्दल, धाकट्या भावाला कोण सांभाळते याबद्दल झाले. आजींनी चहा दिला, होकार दिला नाही.

शाळा उघडल्यावर आठवडाभराने ती आली. वर्गशिक्षिकेने शेऱ्यात लिहिले, 'गावाहून परत आली.' मॅक्रोने त्यातला 'गावाहून' लाल करून ठेवला आहे.