गॅरेजमधलं उद्यमनगर

अमेरिकेतल्या मराठी माणसाच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून बाकी सगळं असतं. भारतात न्यायच्या बॅगा, गणपतीच्या डेकोरेशनची खोकी, दोनदाच वापरलेली ट्रेडमिल आणि तांदळाची मोठी पोती. आमच्या गॅरेजमध्ये या सगळ्याच्या जोडीला एक वेल्डिंग मशीनही आहे. पहिल्यांदा घरी आलेले लोक ते बघून हमखास विचारतात, "अरे, तू आयटीमध्ये ना?"

आहेच. २००१ साली मास्टर्स करायला इथे आलो आणि वीसेक वर्षं डेट्रॉइटच्या परिसरात कन्सल्टिंग करतोय. कोणाच्या तरी सर्व्हरवरचं काहीतरी उचलून दुसऱ्या कोणाच्या तरी क्लाउडवर नेऊन ठेवायचं, हे माझं काम. पगार बरा आहे, तक्रार नाही. पण संध्याकाळी मुलीने "बाबा, आज काय केलंस?" असं विचारलं, तर बोट ठेवून दाखवता येईल असं काही नसतं. म्हणून काही वर्षांपूर्वी इथल्या कम्युनिटी कॉलेजमध्ये वेल्डिंगच्या संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. खरं कारण याहून जुनं आहे, ते पुढे येईलच.

हा लेख त्या गॅरेजमध्ये तयार झालेल्या एका यंत्राबद्दल आहे. त्याचं नाव वेल्डिंग पोझिशनर. नाव भारदस्त असलं तरी कल्पना कुंभाराच्या चाकाइतकी सोपी आहे. वेल्डिंग म्हणजे दोन लोखंडांच्या सांध्यावर वितळलेल्या धातूचं थेंबभर तळं तयार करायचं आणि ते सांध्यावरून सारख्या गतीने पुढे नेत राहायचं. सांधा जमिनीला समांतर आणि तोंड वर करून असेल तर हे तळं आपलं आपण जागेवर बसतं. सांधा उभा असेल तर ते खाली ओघळतं, डोक्यावर असेल तर अंगावर पडू बघतं. आता गोल पाइपाचा विचार करा. पाइप आडवा आणि स्थिर असेल तर एका फेरीत सपाट, उभं आणि डोक्यावरचं, असं तिन्ही प्रकारचं वेल्डिंग करावं लागतं. ते साधायला वर्षं जातात. पण पाइपच हळूहळू फिरवला तर? वेल्डरने हात एका जागी धरायचा, सांधा आपणहून त्याच्या हाताखाली येत राहतो. पोझिशनर म्हणजे हे फिरवणारं, हवं तितकं कलणारं टेबल.

माझ्या लहानपणी असा एक पोझिशनर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात होता. तो म्हणजे मी.

माझे वडील, नाना, तिथल्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये पस्तीस वर्षं वेल्डर होते. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपला की उन्हाळ्यात दुरुस्तीची कामं निघायची. पाइपांना फ्लँज लावायच्या, झिजलेले भाग भरून काढायचे. नेमकी तेव्हाच आमची मे महिन्याची सुट्टी. शेडच्या कोपऱ्यात एका मोडीत निघालेल्या लेथचा हेडस्टॉक सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवला होता आणि त्याला हँडल जोडलं होतं. पाइप चकमध्ये धरायचा आणि मी पाठ करून हँडल फिरवायचं. पाठ करून अशासाठी, की काचेशिवाय आर्ककडे बघायचं नाही, हा नानांचा पहिला नियम. मागून आवाज यायचा, "फिरीव. सावकाश. सेकंदकाट्याच्या निम्म्यानं." दुपारी एक थंड सोडा मिळायचा. तो माझा पगार.

नाना २००८ मध्ये निवृत्त झाले. पुढे त्यांचा उजवा हात कापायला लागला. हात मांडीवर असला की काही नाही, पण चहाच्या कपाकडे नेला की थरथर सुरू. ज्या हाताने रॉड धरून आमचं शिक्षण केलं, त्या हाताला बशीत चहा ओतणं जड झालं. शेजारच्या शेडमधली पोरं "नाना, जरा बघा की" म्हणून बोलवायची. त्यांच्याकडेही जाणं त्यांनी बंद केलं. २०२१ मध्ये आई गेली. २०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही त्यांना इकडे आणलं.

ज्यांचे आईवडील इथे येतात त्यांना त्या उन्हाळ्याचं वर्णन करायला नको. आम्ही दोघं कामावर, मुलगी तिच्या खोलीत, नाना खिडकीशी. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या मोजायचे. सहा महिन्यांसाठी आलेला माणूस साडेतीन महिन्यांत परत गेला. विमानतळावर मी "पुढच्या वर्षी या" म्हटलं, तर म्हणाले, "नको रं. तिथं मी पार्किंगला लावल्यागत असतोय." रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. अगदी शांतपणे म्हणाले.

त्याच हिवाळ्यात मी पोझिशनर करायला घेतला. विकत मिळत नाही असं नाही. टेबलावर ठेवायचा छोटा तीन-चारशे डॉलरपासून मिळतो, मोठ्यांच्या किमती हजारांत. पण विकत आणला असता तर दर रविवारी नानांना फोन करायला निमित्त काय उरलं असतं?

आता थोडा हिशोब, कारण आपल्या वाचकांत इंजिनियर भरपूर आहेत. माझं वेल्डिंग मशीन वायर आपोआप सोडणारं, म्हणजे मिग आहे. त्याने मिनिटाला साधारण ३०० मिलिमीटर सांधा नीट होतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपाचा परीघ ३१४ मिलिमीटर. म्हणजे टेबलाने मिनिटाला जेमतेम एक फेरा करायचा, घड्याळाच्या सेकंदकाट्याइतका. पाइप निम्म्या व्यासाचा असेल तर मिनिटाला दोन फेरे. इतक्या कमी गतीची आणि तरी जोर असलेली मोटर स्वस्तात कुठे मिळणार? गाडीच्या वायपरमध्ये! डेट्रॉइटच्या आसपास भंगारातल्या गाड्यांना तोटा नाही. वायपरची मोटर १२ व्होल्टवर चालते, तिच्या पोटातच वर्म गिअर असतो, आणि हळू बटणावर ती मिनिटाला चाळीस-पंचेचाळीस फेरे देते. तिच्यावर दोन इंची पुली, टेबलाच्या दांड्यावर बारा इंची, मध्ये रबरी पट्टा. गती एकषष्ठांश झाली, म्हणजे सातच्या आसपास. तिथून खाली एकापर्यंत आणायला बारका इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर. तो मोटरचा वीजपुरवठा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो.

दर रविवारी सकाळी इथे कॉफी आणि तिकडे संध्याकाळचा चहा, असा व्हिडिओ कॉल सुरू झाला. मी फ्रेमचं चित्र दाखवलं. नानांनी मोटर, पुली काही विचारलं नाही. पहिला प्रश्न, "अर्थिंग कुठनं घेणार?"

प्रश्न लाखमोलाचा होता. वेल्डिंगचा शंभर-दीडशे अँपिअरचा करंट कामातून परत मशीनकडे जायला वाट मागतो. टेबल फिरतं असल्यामुळे त्याला केबलचा चिमटा लावला तर केबल गुंडाळली जाणार. चिमटा फ्रेमला लावला तर करंट बेअरिंगमधून जाणार. "बेअरिंगमधनं जाऊ दिलास तर गोळ्यांना खड्डे पडत्यात. आणि मोटरमधनं गेला तर मोटरच जाईल," नाना म्हणाले. मग त्यांनीच उपाय सांगितला. गाडीच्या स्टार्टरमधले तांबं-मिश्रित कार्बन ब्रश स्प्रिंगने फिरत्या दांड्यावर दाबून धरायचे आणि मशीनची केबल थेट ब्रशला जोडायची. स्टार्टरमध्ये ते शेकडो अँपिअर सहन करतात, आपलं काम त्यांना किरकोळ.

शिवाय बेअरिंग आणि मोटर दोन्ही फ्रेमपासून विजेच्या दृष्टीने वेगळी हवीत. उद्यमनगरात याला हायलम शीट वापरतात. इथे मी स्वयंपाकघरातला जाड प्लॅस्टिकचा चॉपिंग बोर्ड कापून खाली घातला आणि बोल्टनाही प्लॅस्टिकच्या नळ्या चढवल्या. "नवा बोर्ड तू आणणार आहेस," एवढंच सौ. म्हणाली. वीजपुरवठ्याला जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय अडगळीत पडला होता, पण त्याचा निगेटिव्ह घराच्या अर्थिंगला जोडलेला असतो. नानांचं मत स्वच्छ होतं, "बॅटरी लाव. तिचा कुणाशी संबंध नाही." म्हणून गवत कापायच्या यंत्राची बॅटरी लावली.

टेबल म्हणून मेकॅनिकने फेकलेली ब्रेकची डिस्क. सपाट, जड, आणि बोल्टची भोकं तयार. टेबल कलवायला लोखंडी पट्टीच्या कमानीत दर पंधरा अंशांवर भोक आणि एक खीळ. खर्च असा: मोटर २०, बेअरिंग २४, पुली आणि पट्टा २२, कंट्रोलर ११, लोखंडाचे तुकडे १५, ब्रश ६. एकूण ९८ डॉलर. बॅटरी, डिस्क आणि चॉपिंग बोर्ड फुकट.

मार्चमध्ये टेबल पहिल्यांदा फिरलं. मी फोन टेबलासमोर धरला. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. घड्याळ लावून फेरे मोजत होते. मग म्हणाले, "पट्टा जरा ढिला वाटतोय. हात लावल्याबिगर कळायचं नाही." आणि थोड्या वेळाने, "तिकीट कधीचं स्वस्त पडतंय बघ."

मे २०२३ मध्ये ते आले. तोवर मी टॉर्च पकडायला एक स्टँड केला होता आणि पायाने दाबायचं पेडल जोडलं होतं. पेडल दाबलं की आर्क आणि टेबल एकदम सुरू, सोडलं की दोन्ही बंद. उजव्या हाताला काही कामच ठेवलं नव्हतं. पाय पेडलवर, डावा हात गतीच्या बटणावर, आणि बाकी सगळं डोळ्यांवर. हात गेला तरी डोळे शाबूत होते. आर्क लागताच आपोआप काळी होणारी काच बघून ते म्हणाले, "ही तवा असती तर निम्मी मान दुखायची वाचली असती." पूर्वी दर वेळी मान झटकून मुखवटा खाली पाडावा लागे.

त्या वर्षीच्या गणेशोत्सवात आपल्या मंडळाच्या मखराला आठ खांब होते, आठवतात? ते ज्या गोल बैठकांत उभे होते, त्या नानांनी केल्या. फूटभर लांबीची दोन इंची नळी, खाली गोल प्लेट, आणि दोघांच्या कोपऱ्यात वेल्डिंग. टेबल ४५ अंशांवर कललं की तो कोपरा बरोबर होडीसारखा वर तोंड करतो. परीघ १९० मिलिमीटर, एक बैठक चाळीस सेकंदांत. पण पहिले दोन नमुने नानांनी करवतीने कापायला लावले, कडा घासून घेतल्या आणि धातू कोपऱ्याच्या मुळापर्यंत गेलाय का ते उन्हात नेऊन बघितलं. मगच खऱ्या कामाला हात.

तिसऱ्या बैठकीपासून माझी चौदा वर्षांची मुलगी दुसरा मुखवटा घालून शेजारी उभी राहायला लागली. तिचं मराठी अर्धं, त्यांचं इंग्रजी शून्य. "उजेडाकडं बघू नगंस. त्याच्या मागच्या पाण्याकडं बघ. त्याची कड गोल हाय का?" ती म्हणायची, "आजोबा, गोल आहे!" फेरा पूर्ण होत आला की नाना ओरडायचे, "अजून पुढं! सुरुवात गिळू दे!" म्हणजे जिथे सुरुवात केली त्यावर सेंटिमीटरभर पुढे जाऊन थांबायचं, नाहीतर तिथे खड्डा राहतो. शेवटच्या दोन बैठकींत पेडल तिच्या पायाखाली होतं. थंड झाल्यावर नानांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बरं आलंय." पस्तीस वर्षांत त्यांनी याहून मोठं कौतुक कोणाचं केल्याचं मला माहीत नाही.

त्या वेळी ते पूर्ण सहा महिने राहिले. २०२५ च्या उन्हाळ्यातही येऊन गेले. आता सत्त्याहत्तरी ओलांडली आहे. यापुढचं येणं त्यांच्या डॉक्टरच्या हातात आहे, माझ्या नाही, आणि वायपरच्या मोटरच्या तर नाहीच.

आपल्यापैकी अनेकांकडे उन्हाळ्यात आईवडील येतात. आपण त्यांना नायगारा दाखवतो, मंदिर दाखवतो, टीव्हीवर मराठी चॅनेल लावून देतो. त्यांनी इथल्या घराभोवती स्वतःला वळवून घ्यावं, अशी आपली अपेक्षा असते. पंचाहत्तरीच्या माणसाने किती वळायचं? त्यांच्यातलं जे अजून शाबूत आहे, त्याच्यासमोर काम आणून धरता येतं का, ते एकदा बघायला हवं. कोणाचा डोळा असेल, कोणाची चव, कोणाची हिशोबाची वही.

ज्यांना यंत्र बघायचं असेल त्यांनी रविवारी जरूर या. चालवायला सोपं आहे. गतीच्या बटणाभोवती नानांनी खडूने खुणा करून ठेवल्यात. एक इंच, दोन इंच, चार इंच. अक्षर थोडं हललेलं आहे, पण वाचता येतं. त्यावर मुलीने पारदर्शक चिकटपट्टी लावली आहे, पुसून जाऊ नये म्हणून.