शेरखानचा आवाज

व्हिडिओ कॅसेटच्या पाठीवर, लेबल चिकटवतात त्या कडेला, प्लास्टिकचा एक इवला तुकडा असतो. तो तोडला की त्या कॅसेटवर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही. आणि तोडून झाल्यावर विचार बदलला, तर त्या खाचेवर सेलोटेप लावायची की कॅसेट पुन्हा कोरी समजली जाते. यातला पहिला भाग मला आणि माझ्या चुलतबहिणीला माहीत होता, दुसरा फक्त काकाला.

१९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘द जंगल बुक’ लागायला लागलं. चिपळूणला काकाकडे व्हीसीआर होता. खाऊचे पैसे साठवून आम्ही दोघींनी तीन तासांची कॅसेट घेतली आणि भाग उतरवून घ्यायला बसलो. जाहिराती आल्या की पॉज दाबायचा आणि संपल्या की सोडायचा, अशी कामाची वाटणी होती. बहिणीचा अंगठा नेहमी थोडा उशिरा उठायचा, त्यामुळे आमच्या कॅसेटवर बगीराची निम्मी वाक्यं मधूनच सुरू व्हायची. वीज गेली तर तो रविवार फुकट. तरी कॅसेट भरली, तुकडा तोडला, वर स्केचपेननं ‘मोगली – पुसू नये’ असं लिहिलं.

पुढे आत्याच्या मुलाची मुंज झाली. शूटिंगची प्रत काढायला ऐनवेळी कोरी कॅसेट मिळेना, तेव्हा काकानं सेलोटेप शोधली. नंतर कित्येक वर्षं आमच्याकडे पाहुण्यांना ती मुंज दाखवली जायची. भिक्षावळ आटोपते, पडद्यावर मुंग्या येतात आणि एकदम शेरखान गुरगुरतो. आत्याला ते अजिबात आवडत नसे. आम्ही मात्र मुंजीची कॅसेट लावा म्हणून मागे लागायचो. शेवटी कोकणातल्या पावसाळ्यानं निकाल लावला. फितीवर पांढरी बुरशी धरली आणि ती लावली की व्हीसीआरचं हेड खराब व्हायला लागलं.

तिथून माझं विचारणं सुरू झालं. पुण्यात शिकायला आल्यावर कॅसेटच्या दुकानात, मग व्हीसीडी आल्या तेव्हा व्हीसीडीच्या दुकानात, ‘मोगली आहे का? दूरदर्शनवरचा?’ एकदा मिळालाही. कव्हरवर तोच पोरगा, तोच लांडगा. घरी येऊन लावला तर शीर्षकगीत भलतंच, आणि शेरखान हिंदीत बोलत होता खरा, पण हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीनं नोटीस वाचून दाखवावी तसा. आमचा शेरखान म्हणजे नाना पाटेकर. तो आवाज ऐकून आम्ही रात्री अंगणातल्या मोरीपर्यंत एकट्या जात नव्हतो. चित्र तेच असून मला त्या व्हीसीडीतला एकही प्राणी ओळखीचा वाटला नाही.

चित्र आणि आवाज यांचे मालक वेगळे असू शकतात, हे मला तोवर सुचलं नव्हतं. मालिका निप्पॉन ॲनिमेशन या जपानी कंपनीची, १९८९ची, बावन्न भागांची. ती देशोदेशी गेली आणि तिथे तिला त्या त्या भाषेतले आवाज मिळाले, काही ठिकाणी गाणंही नवं मिळालं. आपल्याकडे ते गुलजारांनी लिहिलं आणि तेव्हा नवखे असलेले विशाल भारद्वाज यांनी त्याला चाल लावली. जपानी मोगलीला त्या गाण्याची खबरही नाही. त्यात दूरचित्रवाणीवर दाखवण्याचा हक्क वेगळा आणि कॅसेट-डिस्क काढून विकण्याचा हक्क वेगळा. जुन्या मालिका दुकानात का येत नाहीत, याचं उत्तर बहुतेक वेळा ‘कोणाला नकोय’ हे नसतं. कागद कोणाच्या कपाटात आहे आणि गाण्याचे पैसे कोणाला द्यायचे, इथे घोडं अडतं.

चुलतबहीण लग्न होऊन श्टुटगार्टला गेली. एका सुट्टीत येताना तिनं जर्मन डीव्हीडींचा जाडजूड संच आणला. माझ्या प्लेअरनं पहिली डिस्क आत घेतली आणि चुकीचा प्रदेश असल्याचं सांगून बाहेर ढकलली. ती युरोपच्या गटातली, प्लेअर आपल्या गटातला. लॅपटॉपवर मात्र चालली, आणि आम्ही दोघी गप्पच झालो. इतकं हिरवं जंगल आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. लहानपणी आम्हाला दिसलं होतं ते अँटेना हलवून मिळवलेलं जंगल. इथे पानांच्या मागची पानं रंगवलेली दिसत होती, शेरखानच्या गालावरचा एकेक पट्टा दिसत होता. बोलत होते सगळे जर्मन. बहीण म्हणाली, तिच्या शेजारची तिच्याच वयाची बाई त्यांच्याकडचं शीर्षकगीत अजून गुणगुणते, अगदी वेगळी चाल, पण चेहरा आपल्यासारखाच होतो. मग आम्ही आवाज बंद केला आणि शेरखानची वाक्यं आपापल्या आठवणीतून म्हटली. दोघींची वाक्यं जुळली नाहीत, त्यावरून चहा होईपर्यंत भांडलो.

आवाजाची किंमत बाजारालाही ठाऊक होती. २०१६ साली डिस्नेचा नवा चित्रपट आला तेव्हा भारतातल्या हिंदी आवृत्तीसाठी नाना पाटेकरांनाच पुन्हा बोलावलं आणि गुलजार-भारद्वाजांचं ते गाणं नव्यानं करून घेतलं. मी पाहायला गेले, आणि पैसे वसूल झाले असं प्रामाणिकपणे वाटलं नाही. मला हवा होता तो त्या वेळचा नाना, त्या रविवारचा. मग २०२०च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, दूरदर्शननं ‘रामायण’, ‘महाभारत’ यांच्या जोडीनं ‘जंगल बुक’ही पुन्हा दाखवलं. म्हणजे ठेवा जागेवर होता. दाखवता येत होता, फक्त आपल्याला कपाटात ठेवायला मिळत नव्हता.

सगळ्यांच्या नशिबी एवढंही नसतं. विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी तयार झाला. तो फिल्मवर होता म्हणून टिकला, आणि आपल्या दाभोळच्या साधना सरगम यांचा लहानपणचा गळा आजही स्वच्छ ऐकू येतो. टेपचं तसं नव्हतं. टेप महाग, म्हणून जुन्या कार्यक्रमावर नवा चढवायचा, ही जगभरच्या वाहिन्यांची रीत होती. बीबीसीनं ‘डॉक्टर हू’चे साठच्या दशकातले कितीतरी भाग असेच पुसले. त्यांचा आवाज मात्र उरला, कारण चाहत्यांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरला होता. आमच्या काकानं केलं ते मोठमोठ्या संस्थांनीही केलं, एवढंच. ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’वर राजदत्त यांनी केलेली मालिका आठवते का, असं मराठी घरात विचारून पाहा. लोक आधी अशोक पत्कींची चाल गुणगुणतात. प्रसंग विचारले की मात्र सगळे छताकडे बघतात.

हे सगळं आता ॲपवर येईल, डिस्क कशाला, असं माझा भाचा म्हणतो. ॲपवर आज असतं, करार संपला की उद्या नसतं. मला संचच हवा. गाणं न कापलेला, मूळ हिंदी आवाजातला, आणि सोबत एक पातळशी पुस्तिका असलेला. नानाचं नाव सगळ्यांना माहीत आहे. बगीरा, बल्लू, का अजगर, आणि खुद्द मोगली, यांना ज्यांनी आवाज दिले त्यांची नावं त्या पुस्तिकेत पहिल्या पानावर, मोठ्या टायपात छापा. किंमत काय लावायची ती लावा.